मुडपून ठेवलेली हिरवी वायर

गल्लीत सगळे त्यांना अर्थिंगबुवा म्हणत. वायरमन म्हणून चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून चांगली पदवी कोण देणार, असं त्यांना मनातून वाटायचंही. कुणी पंखा बसवायला बोलावलं तर बुवा आधी घरभर फिरून एकेक सॉकेट टेस्ट लॅम्पने तपासणार, अर्थिंग नसलं तर घरमालकाला समोर बसवून अर्धा तास झापणार, आणि मगच शिडी मागणार. फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात असं कुणी हसत हसत सांगितलं की बुवांचा पारा चढलाच. "हसताय काय? ती हिरवी वायर जागेवर आहे म्हणून तुम्ही जागेवर आहात," हे त्यांचं वाक्य गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं. आणि अशा या माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, भर दुपारी एका प्लगमधली हिरवी वायर काढून ठेवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि इथे दिवाही बुवांनीच लावलेला होता.

त्या प्लगची हकीकत अशी. बुवांची बायको, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या काकू, पोस्टाच्या खिडकीत चौतीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झाल्या. आता त्या विणकाम तरी घेतील नाहीतर ताणून झोपतील तरी, असा शेजारणींचा अंदाज होता. काकूंनी तिसऱ्या आठवड्यात इलेक्ट्रिक गिटार घरी आणली. लालभडक, चकचकीत, आणि सोबत कुणीतरी वापरून टाकलेला सुटकेसएवढा जुना अँप्लिफायर. घरात नवी विजेची वस्तू आली की बुवा ती उघडून आतून पाहिल्याशिवाय चालू करू देत नसत, पण हा अँप त्यांनी उघडला नाही. कारण साधं होतं, बुवा रुसले होते. साठीच्या बाईला हे काय खूळ, आठवडाभर टिकलं तर मिशी उतरवीन, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. खूळ दोन वर्षं टिकलं. मिशीचा विषय काकूंनी मोठ्या मनाने काढला नाही.

काकूंच्या बोटांना घट्टे पडले, मग घट्ट्यांतून सूर निघू लागले. रुग्णालयातली नर्स, जिला सगळे सिस्टरच म्हणत, ड्रम वाजवायची. कोपऱ्यावरची टेलरबाई कीबोर्ड वाजवायची. काकू गिटार वाजवायच्या आणि गायच्याही. तिघींचं वय मिळून पावणेदोनशेच्या घरात, पण उत्साह असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. बुवा तोंडाने काही कबूल करत नसत. फक्त काकूंचं एखादं गाणं आंघोळ करताना ते गुणगुणायचे आणि दाराबाहेर कुणाची चाहूल लागली की नळ मोठा सोडायचे.

भांडण होतं ते घोंघाटाशी. काकू दुपारी सराव करताना कॉम्प्युटरवर मूळ गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवायच्या, त्यासाठी कॉम्प्युटरची एक वायर अँपला जोडलेली असे. कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या बोर्डावर, अँप बाहेरच्या. दोन बोर्डांची अर्थिंग दोन वेगळ्या जागी जमिनीत गेलेली, त्यामुळे त्या जोडवायरीतून सारखा घोंऽऽ असा आवाज यायचा. काकू वाजवत असोत की नसोत, घोंऽऽ चालूच. बुवांची दुपारची झोप त्याने पार उडाली. उपाय त्यांना ठाऊक होता. दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर घ्यायच्या, की आवाज बंद. पण त्यासाठी बोर्डाच्या आड आलेलं लोखंडी कपाट हलवायला हवं होतं, आणि कपाट हलवायचं म्हणजे आधी ते रिकामं करायला हवं होतं.

एका दुपारी काकू भाजी आणायला गेल्या होत्या. बुवांनी अँपचा प्लग उघडला, हिरव्या वायरीचा स्क्रू सैल केला, वायर बाहेर काढून मुडपली, तिच्यावर टेप गुंडाळली आणि प्लग पुन्हा बंद केला. दोन मिनिटांचं काम. घोंऽऽ गायब झालं. कॉम्प्युटरच्या जोडवायरीतून अँपला अर्थिंग मिळतंच आहे, तेव्हा तसा धोका नाही, आणि पुढच्या आठवड्यात कपाट हलवून नीट करूच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बुवांनी त्याला सोलून काढलं असतं. संध्याकाळी काकू म्हणाल्या, आज किती स्वच्छ वाजतंय. बुवांनी पेपर जरा वर धरला. पुढचा आठवडा सहा महिने झाले तरी उजाडला नाही.

वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी वार्षिक कार्यक्रम होता आणि त्यात तिघींना अर्धा तास मिळाला होता. चार लोकांसमोर वाजवायची ही पहिलीच वेळ. तालमीसाठी त्या बुधवारी हॉलवर गेल्या. तिथे अर्थातच कॉम्प्युटर नव्हता. काकूंनी अँप लावला, गिटार गळ्यात अडकवली, डावा हात तारांवर ठेवला आणि गाण्यासाठी तोंड माइकजवळ नेलं. ओठ माइकच्या जाळीला लागले मात्र, काकू मागे फेकल्या गेल्या त्या गिटारसकट खुर्च्यांच्या रांगेवर. ओरडल्यासुद्धा नाहीत. सिस्टरने धावत जाऊन आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग नाडी धरली, आणि काकू नको नको म्हणत असताना त्यांना रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढायला लावला. आलेख ठीक होता. ओठ भाजला होता आणि डावा हात बधिर होता, तेवढ्यावर निभावलं. वाचनालयाच्या चिटणीसांनी तिथल्या तिथे माइक-स्पीकर लावणाऱ्या साउंडवाल्याला फैलावर घेतलं आणि पुन्हा या हॉलची पायरी चढू नको म्हणून बजावलं.

बुवांना हे सिस्टरच्या फोनवरून कळलं. "काकूंनी माइकला ओठ लावले आणि" एवढं ऐकलं, पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. अँपमध्ये कुठेतरी करंट पत्र्यावर उतरत असणार. पत्र्याला गिटारची केबल, केबलला तारा, तारांवर बायकोचा हात. घरी तो करंट कॉम्प्युटरच्या वायरीतून गुपचूप जमिनीत जात होता. हॉलमध्ये त्याला वाटच नव्हती. माइकला मात्र होती, साउंडवाल्याच्या नीट केलेल्या अर्थिंगची. अँप आणि माइक यांच्यामध्ये उरलं होतं ते फक्त काकूंचं शरीर. हिरवी वायर जागेवर असती तर काकूंना त्या दुपारी गाण्याशिवाय काहीच जाणवलं नसतं. 

काकू घरी आल्या त्या शांतपणे. गिटार पिशवीत घातली, चेन ओढली आणि पिशवी कपाटावर टाकली. म्हणाल्या, वयाला शोभेल ते करावं माणसाने, शरीराने सांगितलं की ऐकावं. रविवारी मी नाही म्हणून सिस्टरला कळवते. दोन वर्षांपूर्वी हे ऐकून बुवांनी सुंठीवाचून खोकला गेला म्हणून हात झटकले असते. आज त्यांना ती पिशवी कपाटावर बघवेना. बोलायला हवं होतं, तेव्हाच, तिथेच. पण चाळीस वर्षं मिरवलेलं नाव जिभेवर येऊन बसलं आणि त्याने बाकी कशाला बाहेर पडू दिलं नाही.

गुरुवारी काकू बँकेत गेल्या तेव्हा बुवांनी अँप उघडला. आत एक म्हातारा कपॅसिटर फुगून बसला होता, करंट पत्र्यावर सोडणारा तोच. बुवांनी तो बदलला, मग प्लग उघडून हिरवी वायर सरळ केली, स्क्रूखाली घालून घट्ट पिळली.  संध्याकाळी त्यांनी आडून आडून सुरुवात केली. अँप जरा बघून घेतला, आता काही चिंता नाही, रविवारी जायला हरकत नाही.

काकूंनी मान हलवली. "अहो, वस्तू तुमच्या घरातली. तिच्यात काय दोष निघणार? सिस्टर म्हणते हॉलचा दोष, पण माझ्या मनाला तसं वाटत नाही. टेलरबाईनेही हात लावला होता त्या माइकला, तिला काही झालं नाही. माझंच शरीर आता साथ देत नसेल."

टेलरबाईचा दुसरा हात अँपला जोडलेल्या तारांवर नव्हता, इतकं साधं होतं ते. बुवांना एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य सुरू केलं की पुढची चार वाक्यं आपोआप आली असती. त्यांनी मिठाची गुळणी धरली. आपल्या नावाची ख्याती बायकोच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की ती आपल्याऐवजी स्वतःवर शंका घेते आहे, हे त्यांना दिसत होतं आणि सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरात घोंऽऽ नव्हतं, गाणं नव्हतं, आणि दुपारी बुवांचा डोळा लागला नाही.

शुक्रवारी साउंडवाला घरी आला. पन्नाशीचा, बारीक, अजिबात आवाज न चढवता बोलणारा माणूस. काकूंची तब्येत विचारायला आला होता आणि हॉलवर राहिलेली त्यांची केबल नीट वेटोळं करून घेऊन आला होता. निघताना बुवांना दाराबाहेर घेऊन म्हणाला, "बुवा, मी माझी सगळी लाइन दोनदा तपासली. मला काही सापडत नाही, पण चुकत असेन. तुम्ही एकदा येऊन बघाल का? तुम्ही सांगाल ते चिटणीस ऐकतील."

बुवा म्हणाले, बघू. तो माणूस आभार मानून जिना उतरला. बुवांना वाटलं, याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसल्या होत्या. बुवा समोर येऊन बसले. रात्रभर त्यांनी चांगली लांबलचक प्रस्तावना जुळवली होती, ती समोर बसताच उडून गेली.

"अगं, ती वायर मी काढली होती."

"कुठली वायर?"

"अँपच्या प्लगमधली. हिरवी."

काकूंचे हात थांबले. मग बुवांनी सगळं सांगितलं. दुपारची झोप, कपाट हलवायचा कंटाळा, टेप, सहा महिने, फुगलेला कपॅसिटर. काही लपवलं नाही आणि काही सावरूनही घेतलं नाही. साउंडवाला येऊन काय म्हणाला तेही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज एवढा बारीक झाला की काकूंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"हे तुम्हाला कळलं कधी?"

"सिस्टरचा फोन आला तेव्हाच."

"म्हणजे बुधवारी."

"हो."

काकूंनी हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "वायर काढलीत, माझा जीव जाता जाता राहिला. पण ती चूक झाली, चूक माणसाकडून होते, तुमच्याकडूनही होते. पण तीन दिवस तुम्ही मला म्हातारी होऊ दिलंत. मी रोज सकाळी उठून हात झटकून बघत होते, अजून बधिर आहे का म्हणून. तुम्ही समोर चहा पीत होतात." एवढं बोलून त्या रडल्या. बुवांच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी नेमका तोच टॉवेल उचलला, तेव्हा काकूंनी तो हिसकावून घेतला.

थोड्या वेळाने काकूंनी एकच विचारलं, साउंडवाल्याला सांगितलं का. बुवांनी नाही म्हटलं. "मग मला एकटीला सांगून तुम्ही अर्धंच काम केलंय," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि दुपारपर्यंत त्यांनी बुवांशी एक अक्षर काढलं नाही. दुपारी मात्र स्टूल ओढल्याचा आवाज आला. बुवा धावले. काकू स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी काढत होत्या. बुवांनी स्टूल धरलं. "रविवारी मी येईन हॉलवर," काकू वरूनच म्हणाल्या, "पण त्या माइकला तोंड लावेन की नाही ते मला माहीत नाही. आत्ताच विचारू नका."

रविवारी बुवा सकाळीच हॉलवर पोचले. साउंडवाल्याला त्यांनीच फोन करून बोलावलं होतं आणि भेटल्याबरोबर, सामान खाली ठेवायच्या आधी, खरं काय ते सांगून टाकलं होतं. साउंडवाल्याने ऐकून घेतलं, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, आणि कामाला कुठून सुरुवात करायची एवढंच विचारलं. बाकी हिशेब चिटणीसांसमोर व्हायचा होता, आणि चिटणीस आज कार्यक्रमाच्या वेळीच उगवणार होते. दोघांनी मिळून अँप, साउंडचं टेबल, सगळं एकाच बोर्डावर घेतलं. बोर्डात बुवांनी स्वतः आणलेला सुरक्षेचा स्विच बसवला, करंटने जराशी जरी वाकडी वाट धरली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारा. तो खरंच तोडतो का हे त्यांनी पाचदा करून पाहिलं. साउंडवाला म्हणाला, तीनदा पुरे. बुवांनी सहाव्यांदाही केलं.

दुपारी काकू आल्या, मागोमाग सिस्टर आणि टेलरबाई. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, वेळेआधी येऊन पुढची जागा धरणारी पंधरावीस मंडळी बसलीही होती. चिटणीस साउंडवाल्याला पाहून कपाळाला आठ्या घालून उभे होते. काकूंनी गिटार अडकवली. बुवांनी मीटरची एक टोकदार सुई तारांना लावली, दुसरी माइकच्या जाळीला, आणि आकडा काकूंसमोर धरला. शून्य.

काकू आकड्याकडे बघत राहिल्या. माइकपासून दोन हात अंतर होतं, ते काही कमी होईना. "शून्य दिसतंय मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण पाय पुढे जात नाही हो."

 बुवांना कळलं की मीटरने हे सुटणार नाही. आकड्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे आकडा दाखवणाऱ्यावर ठेवायचा, आणि गाडं अडलं होतं ते तिथेच. काकूंनी गिटारचा पट्टा मानेतून काढला आणि गिटार त्यांच्यासमोर धरली.

"आधी तुम्ही."

बुवांनी आयुष्यात गिटार गळ्यात घातली नव्हती. पट्टा कानात अडकला, तो टेलरबाईने सोडवला. मग त्यांनी डाव्या हाताच्या मुठीत सहाही तारा घट्ट धरल्या. अँपमधून एक भयंकर बेसूर आवाज निघाला आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी कान झाकले. सगळं स्वतः तपासलेलं, सहा वेळा तपासलेलं, तरी माइककडे तोंड नेताना बुवांच्या पाठीवरून घाम उतरला. बुधवारी ती अशीच उभी होती, आणि तिने काहीच तपासलं नव्हतं, कारण तपासायचं काम माझं होतं, हे त्यांच्या मनात आलं. त्यांनी ओठ जाळीला टेकवले. लोखंड थंड होतं. बाकी काही झालं नाही.

माइक चालू होता. समोर चिटणीस होते, माणसं होती, टेबलामागे साउंडवाला होता. बुवा तिथून हलले नाहीत.

"बुधवारी इथे जो शॉक बसला, तो हॉलचा नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज दोन्ही स्पीकरमधून त्यांच्यापेक्षा दसपट मोठा होऊन बाहेर पडला. "साउंडवाल्याचाही नव्हता. त्याचं काम चोख होतं. प्लगमधली अर्थिंगची वायर मी काढली होती. मला दुपारी झोपायचं होतं म्हणून. मला अर्थिंगबुवा म्हणतात. माझी बायको मरता मरता वाचली आणि मी तीन दिवस गप्प बसलो."

मागच्या बाजूला कुणीतरी, काय म्हणाले, असं विचारलं. साउंडवाल्याने टेबलावरचं एक बटण जरासं वर सरकवलं आणि शांतपणे म्हणाला, "बुवा, शेवटचं वाक्य मागे ऐकू गेलं नाही." बुवांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी भिंतीपर्यंत गेलं. चिटणीस बुटांकडे बघत साउंडवाल्याच्या टेबलापाशी गेले आणि तिथे उभे राहून घसा खाकरू लागले.

काकूंनी गिटार बुवांच्या गळ्यातून काढून स्वतःच्या गळ्यात घातली. डावा हात तारांवर ठेवला. क्षणभर डोळे मिटले, मग उघडले. एक पाऊल, मग दुसरं. सिस्टरचा हात नकळत भिंतीवरच्या बटणाकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. काकूंनी भाजलेले ओठ माइकच्या जाळीला लावले, अगदी टेकवून, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाजूला व्हा आता. ही माझी जागा आहे."

बुवा बाजूला झाले, आणि सिस्टरने ड्रममागे बसून चार ठोके दिले.